वाचल्यासारखं करा

पोरांच्या वाचनाबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही मनातल्या मनात गोष्ट पूर्ण केली असणार. गरीब मुलगा, रस्त्यात सापडलेलं पुस्तक, दिव्याच्या खांबाखाली अभ्यास, आणि शेवटच्या ओळीत लाल दिव्याची गाडी. तर सॉरी. ह्यात कुणीही कलेक्टर होत नाही. एक कासव एस.टी.त चढतं, एवढीच काय ती प्रगती. आणि रुमाल काढला असेल तर परत खिशात घाला. मला रडू आलेलं नाही, राग आलाय. कित्येक महिने झाले, उतरायचं नाव घेत नाही.

आधी माझं सांगतो. मी नेवाशाचा. मी आवाज काढतो. वाढदिवस, हळद, गॅदरिंग, दुकानाचं उद्घाटन, काही असू द्या, माइक माझ्या हातात. एस.टी.चा कंडक्टर, लग्नात रुसलेला मामा, उसाची ट्रॉली घेऊन चढाला लागलेला ट्रॅक्टर, सगळं ह्या एका तोंडातून निघतं. लोक म्हणतात देवाची देणगी. कसली देणगी? मला वाचता येत नव्हतं म्हणून ही कला आली.

चौथीत आमचे गुरुजी एकच उतारा ओळीनं एकेकाला उभं करून वाचायला लावायचे. अडखळला की छडी. माझ्या पुढच्या बाकावर वर्गातला हुशार बसायचा. तो वाचायचा ते मी कानानं उचलायचो आणि माझी पाळी आली की तसंच्या तसं, त्याच्याच आवाजात, त्याच्या नाक ओढण्यासकट म्हणून टाकायचो. बरेच दिवस चाललं. मग एकदा गुरुजींनी पाहिलं की माझ्या हातातलं पुस्तक उलटं आहे. त्या मारानंतर पुस्तक दिसलं की माझ्या तळहाताची कातडी आपोआप आखडायची.

वाचायला लागलो ते सहावीत, स्टँडजवळच्या केस कापायच्या दुकानात. रविवारी नंबर यायला दीड-दीड तास. बाकड्यावर फाटकी मासिकं पडलेली, कुणाचं कव्हर नाही, कुणाची पहिली चार पानं नाहीत. तिथं वाचलं कारण वाचून झाल्यावर कुणी काही विचारत नव्हतं. 'ह्यावरून तू काय बोध घेतलास' असं तो केस कापणारा कधीच म्हणाला नाही. गोष्ट अर्धी असली की मी माझा नंबर मागच्याला देऊन टाकायचो. घरी गेल्यावर आई विचारायची, "आरं, केसं कापायला गेल्ता का उगवायला?"

आता मुद्द्यावर येतो. माझी वहिनी आमच्याच तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन मास्तरांची शाळा. एक मुख्याध्यापक, एक वहिनी. पहिली ते चौथी मिळून चाळीसेक पोरं. एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "भावजी, ते आवाज लग्नात वाया घालवता, शनिवारी शाळेत या. पोरांना गोष्ट वाचून दाखवा."

"मानधन काय?"

"खिचडी."

गेलो. सकाळची शाळा. मैदानात लिंबाखाली पोरं गोल करून बसवलेली, प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक. कोरी करकरीत, रंगीत चित्रांची पुस्तकं. मी म्हटलं, वा, जोरात आहे की शाळा! मग पाहिलं तर मुख्याध्यापक मोबाईल आडवा धरून त्या गोलाभोवती फिरत होते.

"खाली बघा. सगळ्यांनी पुस्तकात बघा. वाचल्यासारखं करा."

पोरं एकदम तयार. माना खाली, बोट ओळीवर, चेहरा गंभीर. एकही डोळा हलत नव्हता. मी नकला करून पोट भरतो, मला खरं-खोटं लगेच कळतं. ही चाळीस पोरं वाचण्याची नक्कल करत होती, आणि माझ्यापेक्षा भारी करत होती. फक्त एक तिसरीतली पोरगी, तेल चोपडून दोन घट्ट वेण्या, तिचे ओठ हलत होते. ती खरंच वाचत होती.

सर तिला म्हणाले, "ए, तोंड हलवू नको. फोटो हलतो."

त्या क्षणी मी हसलो. खरं सांगतो, हसलो. राग नंतर आला, घरी जेवताना आला, आणि तो भाकरीबरोबर पोटात जाऊन बसला तो तिथंच आहे. तोंड हलवू नको. शाळेत. वाचताना.

फोटो झाल्यावर वहिनींनी मला पुढं केलं. मी त्या पोरीच्या हातातलंच पुस्तक घेतलं. गोष्ट अशी की एक कासव एस.टी.नं सासुरवाडीला निघतं. कंडक्टर म्हणतो, तुझं फुल तिकीट, आणि पाठीवर घर आणलंस त्याचं लगेज वेगळं. कासव म्हणतं, अहो साहेब, हे घर उतरत नाही. कंडक्टर म्हणतो, मग तूच उतर. मला तर मेजवानीच. आमच्या नेवासा स्टँडवरचा खास खेकसणारा कंडक्टर लावला. कासवाला आमच्या मोठ्या मामाचा आवाज दिला, दर दोन शब्दांनी खाकरणारा. पोरं लोळायला लागली. पहिलीतला एक तर हसून हसून शेजारच्याच्या मांडीवर आडवा झाला. कंडक्टरनं टण टण बेल मारली, गाडी माळावर थांबली, दरवाजा उघडला, आणि कासव पायरीवर उभं राहून मागं वळून म्हणालं...

"झालं का? चला, पुस्तकं जमा करा."

मुख्याध्यापक. हातात यादी.

मी म्हटलं, "सर, दोन पानं राहिलीत."

"राहू द्या. फोटो ग्रुपवर टाकलेत मी."

पाच मिनिटांत पुस्तकं गोळा, मोजून कपाटात, कपाटाला कुलूप. ते कपाट ऑफिसात. वरच्या चार कप्प्यांत पुस्तकं, खालच्या कप्प्यात खिचडीचं तेल, हळद, मसाला, कारण दुसरीकडं ठेवलं तर उंदीर सोडत नाहीत. त्यामुळं चाव्या दोन. एक सरांकडं, एक खिचडी करणाऱ्या मावशींकडं. पुस्तकांना हळदीचा वास यायचा, शाईचा नाही.

ती वेण्यांवाली पोरगी माझ्यापाशी आली. "दादा, पुढं काय झालं? कासव उतरलं?"

आता मी काय सांगू? मी ते पुस्तक आधी चाळलंही नव्हतं. आपला आत्मविश्वास असा, की आवाज असला म्हणजे झालं. म्हटलं, "पुढच्या शनिवारी सांगतो."

पुढच्या शनिवारी कपाट बंद. त्याच्या पुढच्या शनिवारी बंद. वहिनींनी दोनदा विचारलं. सरांचं एकच उत्तर, "वरून काही आलं नाही."

हे 'वरून' प्रकरण ज्यांनी शाळा फक्त बाहेरून पाहिली त्यांना कळायचं नाही. झाड लावायचं वरून येतं. हात धुवायचे वरून येतं. आनंदानं वाचायचं, तेही वरून येतं, अमुक दिवशी, अमुक वेळेत, पाच फोटो पाठवा. त्या दिवशी पोरांनी आनंदी व्हायचं. दुसऱ्या दिवशी आनंद बंद, कुलूप. वरून म्हणजे कोण, तर आधी केंद्रप्रमुख साहेब, त्यांच्या वर आणखी साहेब, त्यांच्या वर आणखी. आकाशापर्यंत साहेबच साहेब, आणि एकालाही कासवाचं काय झालं ते माहीत नाही.

मी गेलो की ती पोरगी गेटपाशी उभी. "कासव अजून पायरीवरच का?" तिच्या मैत्रिणीनं शेवट तयार केला होता, कासव घर तिथंच सोडून पायी पळत गेलं म्हणून. पोरगी तिच्यावर चिडली होती. "आसं नसतंय. घर उतरत न्हाई म्हनलंय ना पुस्तकात!" बघा. आठ वर्षांची पोरगी, पुस्तकात काय म्हटलंय ह्याच्यावरून भांडतीय. आणखी काय पाहिजे हो शिक्षणखात्याला?

मग मी एकदा सरळ सरांपुढं जाऊन बसलो. म्हटलं, "सर, पुस्तकं पोरांना घरी न्यायला द्या."

"फाडतील."

"फाडू द्या की. फाटलं म्हणजे कुणीतरी उघडलं तरी."

"तुमचं बोलायला काय जातंय? उद्या माझी बदली झाली, चार्ज द्यायचा म्हटला, की एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं. तुम्ही येणार का फाटकं पुस्तक चिकटवायला?"

"येतो."

"आणि आधी धड्याचं वाचू द्या. धडा येत नाही आणि चालले कासव वाचायला."

"सर, मला धडा येत नव्हता म्हणूनच..."

"म्हणूनच तुम्ही माइकवर हाय," सर म्हणाले आणि हसले. "वरून आलं तर काढू. माझी काय ना नाही."

माणूस वाईट नाही, हे लिहिताना मला जास्त राग येतोय. वाईट असता तर बरं झालं असतं. पोरांना ताप आला तर स्वतःच्या गाडीवर दवाखान्यात नेणारा माणूस. पण पुस्तक म्हटलं की त्याला पोर दिसत नाही, चार्ज दिसतो.

ठीक आहे, म्हटलं. वरून पाहिजे ना? देतो वरून.

केंद्रप्रमुख साहेबांचा आवाज माझ्याकडं होताच. मागच्या गॅदरिंगला त्यांचं पाऊण तासाचं भाषण झालं तेव्हा माइक मीच सांभाळत होतो. नाकातून बोलणार, मध्येच थांबणार, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला "हे लक्षात घ्या." पुढच्या शनिवारी सर तालुक्याला मीटिंगला गेलेले. शाळेत वहिनी आणि मावशी. मी गावाच्या अलीकडं कॅनॉलच्या पुलावर गाडी लावली, मित्राचा मोबाईल घेतला आणि मावशींना लावला.

"ताई, मी केंद्रप्रमुख बोलतोय."

पलीकडं काहीतरी खाली पडल्याचा आवाज. बहुतेक झाकण. "व्हय साहेब! साहेब, सर मीटिंगला गेलेत..."

"सर नाहीत हे मला माहीत आहे. काम तुमच्याकडंच आहे, ताई. कपाटातली गोष्टींची पुस्तकं आज सगळ्या मुलांना घरी न्यायला द्यायची. आठवडाभर. हे लक्षात घ्या."

"समद्यांना, साहेब?"

"सगळ्यांना. पहिलीलासुद्धा."

इथं फोन ठेवायला पाहिजे होता. पण माणूस स्टेजचा. टाळी आल्याशिवाय उतरवत नाही. मी म्हटलं, "आणि ताई, तुमच्या हातच्या खिचडीचं फार कौतुक ऐकलंय. आमच्या ऑफिसात चर्चा असते. हे लक्षात घ्या."

पलीकडून बारीक आवाजात, "बरं साहेब. लई उपकार झाले."

पुलावर मित्र आणि मी पोट धरून हसलो.

शाळेत पोचलो तर ऑफिसात गर्दी. मावशींनी पदर खोचलेला, कपाट सताड उघडं, आणि एकेका पोराला बोलावून, "कंचं पायजे? घे. हात पुसून घे आधी." वहिनी दारात. मावशी त्यांना म्हणाल्या, "बाई, खुद्द साहेबांचा फोन आल्ता. मला. माझ्या मोबाईलवर." वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी लिंबाकडं पाहिलं. वहिनींनी एक वही घेतली आणि कुणी कुठलं पुस्तक नेलं ते लिहायला बसल्या.

ती पोरगी कासव घेऊन ऑफिसच्या पायरीवरच बसली. ओठ हलतायत, बोट सरकतंय. खिचडीची हाक झाली तरी उठली नाही. संपल्यावर एकटीच फिस्सकन हसली. मी जवळ गेलो, "काय झालं गं शेवटी?"

तिनं पुस्तक मिटून छातीशी धरलं. "तुमाला वाचता येतं ना, दादा? मग वाचा की. मी आनल्यावर."

रविवारी मी मुद्दाम गावात चक्कर मारली. कांद्याच्या चाळीपाशी एक पोरगं आज्याला वाचून दाखवत होतं आणि आजा मध्येच, "थांब थांब, वाघाचं काय झालं ते परत सांग." एका घरातून आवाज आला, "घराचं लगेज काढा!" माझा कंडक्टर. पहिलीतल्या पोराच्या तोंडून. जन्मात पहिल्यांदा माझी कुणी नक्कल केली.

सोमवारी पेटलं.

सर शाळेत आले, त्यांना मावशींकडून कळलं. पण ते चिडले नाहीत! वरून आलंय म्हटल्यावर माणूस लोण्यासारखा मऊ. पोरांना पुस्तकांसकट उभं केलं, फोटो काढले, आणि ग्रुपवर टाकले: 'मा. केंद्रप्रमुख साहेबांच्या आदेशानुसार पुस्तके घरोघरी.' दहा मिनिटांत साहेबांचा फोन. खरा. "मी कधी आदेश दिला? मला न विचारता माझं नाव? हे लक्षात घ्या!"

मी नेमका तेव्हाच फाटकी पानं चिकटवायला डिंक घेऊन पोचलो होतो. गेटपाशीच ऐकू आलं. सर ऑफिसच्या दारात उभे आणि मावशी खाली पायरीशी.

"फोनवर कोण बोलतंय ते कळत नाही तुला? कुणीही म्हणेल मी साहेब आहे, तू कपाट उघडशील? उद्या कुणी म्हणेल तांदूळ दे, देशील? मला नोटीस आली तर? अक्कल आहे का?"

चाळीस पोरं ऐकतायत. मावशी खाली बघतायत. त्यांचं काम वर्षावर, समितीनं ठेवलं तर ठेवलं. आणि मी, गावोगाव माइक गाजवणारा, हातात डिंकाची बाटली धरून गेटपाशी उभा. तोंडातून आवाज निघेना. कुणाचाच.

शेवटी गेलो. "सर, तो फोन मी केला होता."

सर काही बोलणार तेवढ्यात त्यांचा मोबाईल पुन्हा वाजला. पुन्हा साहेब. आता सूर वेगळा. झालं असं होतं की ग्रुपवर त्यांच्याही वरच्या साहेबांनी ते फोटो पाहून लिहिलं होतं, 'स्तुत्य उपक्रम. सर्व शाळांनी राबवावा.' सर फोनवर नुसतं "हो साहेब, हो साहेब" करत होते. फोन ठेवला आणि म्हणाले, "साहेब म्हणतायत, त्यांनीच सांगितलं होतं. त्यांच्या लक्षातून गेलं होतं."

म्हणजे झालं. आदेश खरा झाला. पुस्तकं पोरांकडं राहिली, दर शनिवारी बदलायची ठरलं, वहिनींच्या वहीला सरांनी मोठ्ठं कव्हर घातलं. सगळे खूश. पोरांना वाचायला आवडतं हे कारण चार आठवडे कुणाला पुरलं नाही, आणि वरची एक ओळ बारा मिनिटांत पुरली. ह्याच्यावर हसायचं की कपाटावर डोकं आपटायचं, तुम्हीच सांगा. आणि ह्या सगळ्या खुशीत मावशींना कुणी एक शब्द बोललं नाही. सर नाही, साहेब नाही.

मी खिचडीच्या खोलीत गेलो. धूर. मावशी मोठ्या पातेल्यात उलथणं फिरवत होत्या. म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. तो फोन..."

"आयकलं म्या," त्या म्हणाल्या. वळल्या नाहीत. "लई भारी आवाज काढतोस. म्या वळाखलं न्हाई."

"सगळं मिटलंय आता, मावशी. साहेब म्हणाले..."

"तुजं मिटलं. त्यांचं मिटलं." उलथणं पातेल्याच्या काठावर आपटलं. "बारा वर्सं झाली हितं चूल फुकतीया. इतके साहेब आले, खिचडी खाऊन गेले, येकानं कवा ताई म्हनलं न्हाई. ए मावशे, पानी आन. परवा पयल्यांदा कुनी ताई म्हनला. आमच्या मालकाला सांगितलं म्या. सुनंला सांगितलं. शेजारनीला बोलवून सांगितलं, माझ्या खिचडीचं नाव तालुक्याच्या हापिसात निघतं म्हनून. आता काय सांगू त्यांला? नेवाशाचं येक टवाळ पोरगं हुतं, पुलावर बसून दात काढत हुतं, आसं सांगू?"

"मावशी, पोरांना पुस्तकं मिळावीत म्हणून..."

"पोरांसाठी केलं, मग खिचडीचं कशापायी बोललास? त्यात पोरांचं काय हुतं?"

मी डिंकाची बाटली ह्या हातातून त्या हातात घेतली.

"आन् पुस्तकंच पायजे हुती तर मला मागायची. चावी कुनाच्या कमरंला हुती? चार शनिवार सरांच्या मागं फिरलास, बाईंच्या मागं फिरलास, साहेबाचं सोंग घेतलंस. दर येळी दारातून जाताना मावशी रामराम म्हनतोस, येकदा तरी इचारलंस का, मावशी, उघडता का कपाट म्हनून? म्या दिली आसती. माझी नातच हाय ती वेन्यांवाली, रोज रात्री डोकं खाती माझं, कासवाचं काय झालं, कासवाचं काय झालं. म्या काय दगुड हाय का? पन न्हाई. तुमाला समद्यांना वर बगायची सवय. खाली कोन उभं हाय ते दिसतच न्हाई. सर बोलले त्याचं मला काय न्हाई, सर कायमच बोलत्यात. तू शिकलेला ना रं? पुस्तकं वाचतोस ना? हो बाजूला, सरक तिकडं, खिचडी लागली बुडाला तुझ्या नादात."